तीन फाळांचा नांगर

—तीन फाळांचाच पाहिजे? नाही हो जावईबापू, ऐका माझं, हा दोन फाळांचा न्या. कारखान्यातून निघाला तेव्हासुद्धा इतका देखणा नव्हता, मी वेल्डिंग करकरून याला रूप आणलंय. तीनच? का, थोरल्या भावाकडे तीन फाळांचा आहे म्हणून? अहो, त्याचा ट्रॅक्टर पंचावन्न घोड्यांचा, तुमचा पस्तीसचा. आणि जमीन कसली? चिकण. ओली झाली की पायातला बूट ठेवून घेते. तसल्या जमिनीत एका फाळामागे पंधरा-सोळा घोडे धरायचे — दोन फाळांतच तुमचा तबेला रिकामा. तिसरा फाळ कोण ओढणार, तुम्ही? त्यात पुन्हा इंजिनातले सगळे घोडे मातीपर्यंत पोचतच नाहीत, थोडे वाटेतच बिड्या फुंकत बसतात. हसू नका, खरं सांगतोय. मी शिकलो चौथी, तीही मास्तर माझ्या तोंडाला कंटाळले म्हणून मला वर ढकललं, पण हा हिशेब मला झोपेतही येतो.

मग काय होतं — मोठा नांगर छोट्या ट्रॅक्टरला लावला की काय होतं? मागची चाकं जागच्या जागी फिरतात. धूर निघतो, टायर झिजतो, मातीत तास पडतो बोटभर खोल. मग माणूस चिडतो. आपली ताकद कमी पडतेय हे काही कबूल करता येत नाही, मग जे हाताशी सापडेल त्याला हाणतो — ट्रॅक्टरला लाथ, कुत्र्याला लाथ... चहा घ्या ना, गार होतोय. लेकीनंच केलाय. नाही, ती बाहेर नाही यायची. बोलता कुठं येतंय तिला? जबडा तारेनं आवळून बांधलाय डॉक्टरांनी, दूधसुद्धा नळीनं ओढते. जिन्यावरून पडली, असं खुणेनं सांगितलं तिनं. मी म्हटलं, बरं. पण जावईबापू, तुमचं घर तर बैठं — जिना काय भाड्यानं आणला होता?

बसा, बसा. उठताय कशाला? थट्टा केली. मी सगळ्यांचीच करतो, माझ्या बायकोची तर ती सरणावर असतानाही केली. तिला न्यायला आलात ना? आणि जाताजाता नांगरही? एका खेपेत दोन कामं, हुशार आहात. तर तुम्हाला खडीवाल्याच्या मेव्हण्याची गंमत सांगतो. असाच मिजाशी, असाच छोटा ट्रॅक्टर, असाच तीनाचा नांगर. इथूनच निघाला. ते फाटक बघा — माझं आवार खड्ड्यात, फाटकापर्यंत छातीवर येणारा चढ, दुसरी वाट नाही. यानं नांगर उचलला, म्हणजे सगळं लोखंड मागं लोंबकळलं. पुढं चढ. आणि पठ्ठ्यानं क्लच दिला झटक्यात सोडून! पुढची दोन्ही चाकं उठली — घोडा बुजतो ना, तशी. उडी मारायला वेळ? छे! 'अरे' म्हणायला गेला तर 'अ' वर आणि 'रे' खाली. स्टिअरिंग छातीत. बरगड्या कशा मोडतात ठाऊक आहे? ओल्या फांदीसारख्या, चरचरत, एकेक. इंजिन चालूच, चाकं आभाळात गरगरतायत, डिझेल टपटप डोळ्यांत, आणि तो उघड्या डोळ्यांनी आमच्याकडे बघतोय — पुसायला हात मोकळा नाही. मी लोखंड कापत होतो आणि तो बघत होता. कापून झालं तेव्हाही बघतच होता, पण उपयोग नव्हता. तेव्हापासून तो चढ सपाट करीन म्हणतोय. राहून गेलं. बरं झालं.

बरं झालं म्हणजे — काही नाही. तोंडाला लगाम नाही माझ्या. तर न्या तुम्ही तीनाचा, मी कोण अडवणार? तुमच्या ट्रॅक्टरला जोडूनसुद्धा ठेवलाय. हो, मघाशी, तुम्ही आत तिला 'ऊठ, चल' करून दरडावत होतात ना, तेव्हाच. पुढची वजनं? कुठली वजनं? अच्छा, ती ट्रॅक्टरच्या तोंडावरची, तोंड उचलू नये म्हणून लावतात ती? बघितलंत वाटतं खिडकीतून. नजर चांगली आहे. ती काढली. मळली होती, धुवायला काढली...

खी खी खी! चेहरा बघा यांचा!

खरं म्हणजे सांगणारच नव्हतो. नुसता फाटकात उभा राहून हात हलवणार होतो. पण जन्मभर गमती केल्या की खोड लागते हो — गंमत सांगितल्याशिवाय पोट दुखतं. वाचलास तू, माझ्या या बडबड्या जिभेनं वाचलास. हो, 'तू'च. जावईबापू संपले. आणि फुशारकी मी एकट्यानं नाही मारायची — तीन वजनं मी काढली, चौथ्याचा बोल्ट गंजलेला, माझ्या हातून हलेना. सगळं अंग टाकलं पान्यावर. चहा उकळेपर्यंत मागच्या दारानं येऊन तो कुणी सोडवला, विचार. विचार ना! मागं बघ. दारात उभी आहे ती. हातातला पाना माझा आहे, परत घ्यायचाय मला, पण मागायची हिंमत नाही होत. जबडा बांधलाय, त्यामुळे ती हसतेय का नाही सांगता येत नाही. मला वाटतं, हसतेय.

आता बोल. तिला नेतोस? ने की — हात लावून बघ. ट्रॅक्टर नेतोस? चढ समोर आहे, बस, मी किल्ली फिरवतो. लेक, थांब, पुढं येऊ नकोस, तो ठरवतोय. काय? मोठ्यानं बोल! ... चालत? शहाणा आहेस. किल्ली तिथंच राहू दे, आणि या फाटकाच्या आत पुन्हा पाय टाकू नकोस. चढ जरा दमवेल, छाती धरून चढ — अजून शाबूत आहे तोवर.

थांब! कप उचल. तिनं केलेला चहा प्यायलास ना? नळ तिकडे आहे. विसळ.

कडेनं पण. हां.

पालथा घाल. आता नीघ.