माडाला बांधलेलं विमान

देवदत्त: पुन्हा एकदा सांग, म्हणजे नोंद नीट होईल. साडेसात किलोचं रिमोटवरचं विमान, सव्वासात फुटी पंख, आणि ते उडणार मिक्सरच्या मोटरवर.

पद्मा: मिक्सर साडेसातशे वॅटचा असतो. याला साडेचार हजार वॅट लागतील. सहा मिक्सर म्हणा हवं तर.

देवदत्त: वा! उडता उडता चटणीपण होईल.

पद्मा: तुमच्या पेट्रोलच्या इंजिनाने काय केलं गेल्या डिसेंबरात? भर समुद्रावर धाप लागून बंद पडलं. मी कंबरभर पाण्यात शिरून पंख गोळा करत होते आणि तुम्ही कोरड्या वाळूत उभे राहून ‘डावीकडे, अगं डावीकडे’ करत होतात.

देवदत्त: कुणीतरी मार्गदर्शन करायला लागतं.

पद्मा: आणि त्याच्या आधी प्रोपेलर हाताने फिरवताना बोट फोडून घेतलंत. चार टाके. डॉक्टरांना काय सांगितलंत? नारळ सोलताना लागलं.

देवदत्त: अशिलाच्या हिताचं तेवढंच सांगायचं असतं. पण एक कबूल कर पद्मा, आवाज काय होता! अख्ख्या दिवेआगरला कळायचं की देवदत्त वकील अलिबागहून आलेत.

पद्मा: आणि मग अख्ख्या दिवेआगरला कळायचं की पाडलं.

देवदत्त: बरं, इलेक्ट्रिक तर इलेक्ट्रिक. हरकत मागे घेतो. पण मग नवीन कशाला मागवायचं सगळं? माणगावच्या प्रज्योतकडे मोटर आहे, तिच्यासोबत बॅटरी, स्पीड कंट्रोलर, सगळा संच. आणून ठेवलाय बघ मी. किरकोळ वापरलेला आहे.

पद्मा: किती सेलचा?

देवदत्त: सहा.

पद्मा: मला बारा पाहिजेत.

देवदत्त: सहा की बारा हा तपशिलाचा भाग झाला.

पद्मा: हाच तर सगळा भाग आहे. सहा सेल म्हणजे बावीस व्होल्ट. साडेचार हजार वॅट काढायचे तर दोनशे अँपिअर ओढावे लागतील. बारा सेल म्हणजे चव्वेचाळीस व्होल्ट, तेवढ्याच कामाला शंभर. आणि करंट दुप्पट झाला की वायर दुप्पट नाही तापत, चौपट तापते. म्हसळ्याच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं हेच शिकवलं मी. दहावीच्या पोरांना कळायचं.

देवदत्त: त्यांना परीक्षा होती. मी कायद्याचा माणूस आहे.

पद्मा: हाही कायदाच आहे. फक्त याला पुढची तारीख मिळत नाही.

देवदत्त: प्रज्योत म्हणाला, छान ओढते. त्याचा शब्द आहे.

पद्मा: प्रज्योतच्या शब्दाचे किती किलो होतात ते बघूया. चला अंगणात. सदा! ए सदा! सुपाऱ्या नंतर सोल. तो जाड दोर आण, आणि ताणकाटा. ज्याच्यावर आपण सुपारीची पोती टांगून तोलतो तो.

सदा: आणतो बाई. काय तोलायचंय?

देवदत्त: माझं मत.

सदा: त्याला एवडा मोठा काटा कशाला, साहेब?

पद्मा: विमानाची शेपटी काट्याला बांध, काटा माडाला बांध. मोटर चालू केली की विमान पुढे ओढणार आणि काटा किलो दाखवणार. तू माडामागे उभा राहून वाचायचं. प्रोपेलरच्या समोर कुणी यायचं नाही, बाजूलाही नाही. तुम्हीपण मागे व्हा, नऊच बोटं शाबूत आहेत.

देवदत्त: किती यायला पाहिजेत?

पद्मा: विमान साडेसात किलोचं. साडेसात आले तर नुसतं नाक वर करून हवेत लोंबकळेल. कसरती करायच्या, हवेत उभं सरळ वर जायचं, तर तेरा-चौदा हवेत. प्रज्योतचा प्रोपेलर एकवीस इंची आहे, ठीक. लावते. अर्धा थ्रॉटल, म्हणजे अर्धा जोर. सदा?

सदा: चार. चार हायत, बाई.

पद्मा: पाऊण.

सदा: सात. जरा पुडं गेलाय काटा.

देवदत्त: बघ! अजून पाव शिल्लक आहे.

पद्मा: पूर्ण.

सदा: नऊ! नऊवर गेला! आता आठ. साडेसात. बाई, ह्यो उतरतोय. आन धूर निगतोय म्होरनं!

पद्मा: बंद केलं. थांब, थांब, जवळ जाऊ नकोस. बॅटरी मी काढते. हं. बघा, हात लावा या वायरला. नको, लावू नका. वास घ्या फक्त.

देवदत्त: कंट्रोलर जळाला?

पद्मा: तो आता पुराव्यात ठेवा.

देवदत्त: हा अपघात आहे. एका अपघातावरून...

पद्मा: अपघात नाही, वर्ग आहे. करंटचा वर्ग. विमान माडाला बांधलेलं होतं म्हणून वासावर भागलं. समुद्रावर असतं तर मी पुन्हा कंबरभर पाण्यात.

सदा: मंग आता काय? दोर सोडू?

पद्मा: सोडू नकोस. ओटीवरचा खोका आण. निळा.

देवदत्त: खोका? कसला खोका?

पद्मा: मोटर. बारा सेलची. पाच हजार वॅटपर्यंत झेपणारी. सहा सेलच्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडायच्या. एकशेसाठ अँपिअरचा कंट्रोलर, म्हणजे शंभरावर घामही येणार नाही त्याला. प्रोपेलर बावीस बाय दहा. बावीस इंच लांब, आणि एका फेऱ्याला दहा इंच पुढे जाणारा.

देवदत्त: म्हणजे आधीच मागवलेलं आहेस. निकाल तयार ठेवून सुनावणी घेत होतीस.

पद्मा: तुमचं म्हणणं ऐकून तर घेतलं. तुमच्या कोर्टात तेवढंही होत नसे, तुम्हीच सांगायचात.

देवदत्त: आणि ही चिमुकली बॅटरी कसली? ही वेगळी का ठेवलीस?

पद्मा: ती रिसीव्हरची, रिमोटचं ऐकतो त्याची. मोटरच्या मोठ्या बॅटरीचा तिच्याशी संबंध नाही. मोटर गेली, कंट्रोलर गेला, तरी पंखांची सुकाणी ऐकत राहतील. अलगद उतरवता येईल.

देवदत्त: चला, या घरात ऐकणारं कुणीतरी आलं.

पद्मा: झालं सगळं जोडून. सदा, हो माडामागे. अर्धा. किती?

सदा: साडेसा.

पद्मा: पाऊण.

सदा: धा! बाई, धा!

पद्मा: पूर्ण.

सदा: चवदा! चवदाला जरा कमी! बाई, बंद करा, माड उपटून जायचा समुद्रात!

पद्मा: बंद. वायर बघा आता. लावा हात.

देवदत्त: कोमट.

पद्मा: चहापेक्षा?

देवदत्त: तुझ्या चहापेक्षा गरम, इतरांच्यापेक्षा गार. बरं बाई, मान्य. संपूर्ण मान्य. खर्चासह. आता दे तो रिमोट इकडे, मलाही हाताला सवय होऊ दे. हं. अगं, हे काय? थ्रॉटल डावीकडे आहे.

पद्मा: हो.

देवदत्त: माझा उजवीकडे असतो. एकतीस वर्षं उजवीकडे आहे. तू उलटं जोडलंस.

पद्मा: उलटं नाही. माझ्यासाठी सरळ आहे.

देवदत्त: तुझ्यासाठी?

पद्मा: मी डावरी आहे. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, सहज लक्षात आलं असेल.

देवदत्त: तू उडवणार?

सदा: मी सुपाऱ्यांकडं जातो.

पद्मा: थांब रे. लपवण्यासारखं काही नाही. हो, मी उडवणार.

देवदत्त: पद्मा, हे साधं खेळणं नाही. हे कसरतीचं विमान आहे. हाताला सवय लागते, नजर लागते. वर्षं जातात.

पद्मा: चौदा महिने गेले. आपली लेक आरोही पुण्याला जाताना जुना कॉम्प्युटर ठेवून गेली, त्यावर विमानाचा सिम्युलेटर आहे. तुम्ही वकिली सोडून घरी आल्यापासून रोज दुपारी तुम्ही घोरायला लागलात की दीड तास. दोनशे सत्तर वेळा पाडलंय मी. मोजून.

देवदत्त: आणि हे अभिमानाने सांगतेस!

पद्मा: पडद्यावर पाडलंय. तुम्ही खरीखुरी सात पाडलीत. ती सातही मी बांधलेली होती. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फळ्या कापायच्या, फासळ्या घासायच्या, इस्त्रीने कापड ताणून चिकटवायचं. सोमवार ते शनिवार मी चिकटवायचं आणि रविवारी तुम्ही अलिबागहून येऊन पाडायचं. संध्याकाळच्या एसटीने परत. तुकडे गोळा करायला मी होतेच.

देवदत्त: तू कधी म्हणाली नाहीस, की मला उडवायचंय.

पद्मा: पंच्याण्णव साली म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, ‘आधी इंजिन सुरू करून दाखव.’ मग तुम्हीच त्या प्रोपेलरवर हात मारलात, मला मारू दिला नाहीत. म्हणालात, बोटं जातील. म्हणून म्हटलं, ज्याला हात मारावा लागत नाही असं काहीतरी निघेपर्यंत थांबू.

देवदत्त: तीस वर्षं?

पद्मा: तुमच्याकडे दिवाणी दावे त्याहून जास्त चालायचे.

देवदत्त: आणि उद्या पडलं तर?

पद्मा: पडलं तर माझं पडेल.

देवदत्त: मग मी काय करायचं? तुझी बाजू मांडू?

पद्मा: शेपटी धरायची. थ्रॉटल वाढवेपर्यंत घट्ट, सोडा म्हटलं की सोडायची. एकतीस वर्षं मी धरली, काही कठीण नाही.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, ओहोटीला. किनाऱ्यावर.)

देवदत्त: वारा आडवा आहे. मतलई. जमिनीकडून समुद्राकडे ढकलणार तुला.

पद्मा: माहीत आहे.

देवदत्त: नुसतं निदर्शनास आणून दिलं.

पद्मा: बॅटऱ्या जोडल्या. सुकाणी हलताहेत? उजवं वर? डावं खाली?

देवदत्त: बरोबर. पद्मा, तुझे हात थरथरताहेत.

पद्मा: दिसतंय मला. सांगायची गरज नव्हती.

देवदत्त: माझे अजून थरथरतात. प्रत्येक वेळी. म्हणून तर मी सगळ्यांना ओरडत असतो.

पद्मा: हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

देवदत्त: तू विचारलं नाहीस. धरली शेपटी. वाढव.

पद्मा: सोडा!

सदा: गेलं! गेलं बाई, उठलं! आवाजच न्हाय त्याला, साहेब! नुसतं फणफणतंय!

देवदत्त: समुद्राकडे सरकतंय ते. पद्मा, उजवीकडे... नाही. मी काही बोललो नाही.

पद्मा: बोला, पण हळू बोला.

देवदत्त: उंची छान आहे. वळण जरा मोठं घे. हं. हं. अगं, उलटं का केलंस?

पद्मा: मुद्दाम केलंय. कसरतीचं विमान आहे.

देवदत्त: हो, मीच म्हणालो होतो. उलट्यावरून परत सरळ... आलं. आता पुरे. किती झाली मिनिटं?

पद्मा: चार. साडेचारला उतरवायचं, बॅटरी तळाला न्यायची नाही. घेते खाली. सदा, वाळू मोकळी आहे ना?

सदा: हाय. हाय मोकळी. आओ बाई, ती घोडागाडी बघा! ते पर्यटक मधीच आणतायत! ओ! ओ भाऊ! थांबवा!

देवदत्त: पद्मा, गाडीत मुलं आहेत. विमान सरळ त्यांच्यावरच येतंय. पद्मा!

पद्मा: गप्प बसा!

सदा: पूर्ण दिला! उबं झालं, उबं! सरळ वर चाललंय, खांबावर चढल्यावानी!

देवदत्त: चौदा किलो.

पद्मा: काय?

देवदत्त: काही नाही. नऊ किलोचीच ओढ असती तर ते आता घोड्याच्या पाठीवर असतं. सदा, धाव, गाडी बाजूला घ्यायला लाव. माझं नाव सांग. नको, बाईंचं सांग, त्यांचे विद्यार्थी जास्त आहेत.

पद्मा: किती मोकळं झालं?

देवदत्त: झालं. पूर्ण मोकळं. ये तू सावकाश. थ्रॉटल एकदम बंद करू नकोस. हं, असंच. टेकलं. उसळलं! थांब, ओढू नकोस, सोड त्याला... टेकलं. टेकलं गं.

पद्मा: शेपटीचं चाक वाकलं.

देवदत्त: माझं पहिलं उतरलं तेव्हा शेपटीच सापडली नव्हती.

सदा: साहेब, ती गाडीवाली माणसं इचारतात, कोणाचं इमान?

देवदत्त: सांग, बाईंचं.

सदा: आन उडवलं कोणी, म्हनतात. तुमच्याकडं बोट दावतात.

देवदत्त: त्यांना म्हणावं, डोळे तपासून घ्या. बाईंनीच.

सदा: सांगतो. मंग मी जातो वाडीत, सुपारी उगडी पडलीय.

पद्मा: तुम्हीपण जा त्याच्याबरोबर. या बॅटऱ्या थंड झाल्याशिवाय पेटीत ठेवता येत नाहीत. अर्धा तास तरी लागेल. तुमची न्याहारी राहिलीय.

देवदत्त: अर्धा तास ना? सरक जरा. बसतो.