ताईच्या स्वयंपाकघरातली साक्ष

…मानपत्र तुमच्याकडेच राहू द्या. छान लिहिलंय, पण मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा मी मुद्दाम घरी ठेवलाय. माइक जरा खाली घ्या. हं, पुरे.

आजच्या कार्यक्रमाचे, आणि गुरांच्या निर्यातीची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचेही, सन्माननीय अध्यक्ष महोदय. व्यासपीठावरील ज्येष्ठ अधिकारी. समितीचे सचिव, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे भाऊजी. पहिल्या रांगेत बसलेली माझी ताई. आणि सचिवालयातल्या मित्रहो.

घरच्यांतर्फे कुणीतरी दोन शब्द बोलावेत, असं ठरलं. घरच्यांतर्फे म्हणजे मी. मी गुरांचा डॉक्टर आहे, गुरं नेणाऱ्या जहाजावरचा. ताई मला अजून ढोरडॉक्टर म्हणते. भाऊजी तसं कधी म्हणाले नाहीत. ते कुणालाच चुकीच्या हुद्द्याने हाक मारत नाहीत.

एकतीस वर्षं त्यांनी या इमारतीत इतिवृत्तं लिहिली. घरीही लिहिली. लग्नानंतर पहिलं भांडण झालं तेव्हा त्यांनी त्याचं दीड पानी इतिवृत्त तयार केलं आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या. ताईकडे तो कागद अजून आहे. ताई सांगते की भांडण कशावरून झालं ते आता आठवत नाही आणि कागदावरूनही कळत नाही. तुम्ही हसलात. आम्हीही हसायचो.

उद्या त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. उद्याच समितीचा अहवाल सभागृहात ठेवला जाणार आहे. परवापासून भाऊजी निर्यातदार संघटनेचे सल्लागार होतील, ही बातमी मघाशी सूत्रसंचालकांनी दिली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हात आधी हलले, अर्थ नंतर लागला.

मी या समितीपुढे साक्ष दिली आहे. बंद दाराआड. त्यामुळे तिथे काय सांगितलं ते मला इथे सांगता येत नाही. सांगितलं तर सभागृहाचा विशेषाधिकारभंग होतो. नियम मला तोंडपाठ आहे. भाऊजींनीच शिकवलाय. पण साक्षीच्या आठ दिवस आधी मी ताईच्या स्वयंपाकघरात जे सांगितलं, त्यावर कुणाची मोहोर आहे का? मला वाटतं, नाही. तेवढं सांगतो.

जहाजावरून उतरून मी थेट ताईकडे गेलो होतो. संध्याकाळचे पाच वाजले असतील. अंगाला वास येत होता म्हणून मी खुर्चीवर न बसता दाराशीच बसलो. ताईने चहा ठेवला होता. भाऊजी नुकतेच ऑफिसातून आले होते, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं.

मी त्यांना सांगितलं की जहाजाच्या दोन जनरेटरांपैकी एक बंद होता आणि ते बंदर सोडण्यापूर्वीच कंपनीला माहीत होतं. अकराव्या दिवशी दुसऱ्यावर भार आला आणि खालच्या दोन मजल्यांवरचे पंखे थांबले. पुढचे तीन दिवस ते फिरलेच नाहीत. बैलांना आपल्यासारखा घाम येत नाही, धाप टाकूनच ते अंग गार ठेवतात. हवाच ओली आणि तापलेली असेल तर धाप टाकून काही होत नाही. माना पुढे ताणलेल्या, तोंडं उघडी, जिभा बाहेर. मी कान धरून ताप बघतो, सवय आहे. कान हातात धरवत नव्हता. शेण पातळ होऊन खुरांच्या वर आलं होतं. जे जनावर बसलं त्याच्यावर शेजारच्याचा पाय पडायचा, कारण दुसरीकडे पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून ती बसत नव्हती. आणि आवाज नव्हता. चारशे जनावरं होती त्या दोन मजल्यांवर, पण एकही हंबरत नव्हतं. हंबरायला श्वास लागतो.

एकशे बारा गेली. माझ्या रोजच्या अहवालात मेलेल्यांचा रकाना आहे, धापा टाकणाऱ्यांचा नाही. आणि हेही मी त्या दिवशी सांगितलं की निघताना जनावरं प्रवासाला योग्य असल्याच्या दाखल्यावर सही माझी होती. जनावरं मी तपासली होती. पंखे तपासणं माझं काम नव्हतं, म्हणून मी विचारलंही नाही.

ताई, तू तेव्हा गॅस बंद केलास. चहा तसाच राहिला. तू यांच्याकडे वळून म्हणालीस, "अहो, हे सगळं येईल ना अहवालात?"

भाऊजी म्हणाले, "शब्द न् शब्द."

मग त्यांनी मला समजावलं की उघड बोललास तर कंपनी तुला दारात उभं करणार नाही, तेव्हा साक्ष गोपनीय घ्यावी असा अर्ज दे, आत मोकळेपणाने बोल, बाकीचं माझ्यावर सोड. दुसऱ्या दिवशी अर्ज ते टाइप करून घेऊनच आले. मी त्याच ओट्यावर ठेवून सही केली. वाचला नाही. घरच्या माणसाने आणलेला कागद कोण वाचतं?

गेल्या महिन्यात त्यांनी अहवालाचा मसुदा माझ्याकडे दिला. जनावरांच्या आजारांची नावं बरोबर आहेत का, एवढंच बघ म्हणाले. मी आजारांची नावं बघत बघत पान एकेचाळीसवर आलो. तिथे लिहिलंय: 'जहाजांवरील वायुवीजन बंद पडल्याबाबत खुल्या बैठकीत कोणताही प्रत्यक्ष पुरावा समितीपुढे आला नाही.'

वाक्य खरं आहे. भाऊजी खोटं कधीच लिहीत नाहीत.

गोपनीय साक्ष समितीने खुली केल्याशिवाय अहवालात वापरता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. साक्षीदाराने मागणी केली तर समिती ती खुली करू शकते, हेही कळलं. तशी मागणी सचिवांमार्फत करायची असते. मी तीन वेळा केली. तीन पाकिटं, तीनही या इमारतीत हातोहात दिलेली. अध्यक्ष महोदय, आपण आत्ता नकारार्थी मान हलवलीत. म्हणजे ती आपल्यापर्यंत आली नाहीत. आपल्याला वाटलं असेल, साक्षीदारालाच बोभाटा नको आहे. साक्षीदाराला हवा आहे.

पुढचं जहाज सोमवारी सुटतंय. तेच जहाज. माझ्या जागी दुसरा डॉक्टर आहे. मला कळवण्यात आलंय की माझी गरज नाही. म्हणजे नोकरीही वाचली नाही, भाऊजी.

तुम्ही मला सख्ख्या भावासारखं वागवलंत. माझी फी भरलीत. आजारपणात माझ्या उशाशी बसलात. म्हणून तर सही करताना हात अडला नाही. आज मी तुमच्याकडे एकच मागतो. उद्या सकाळी दहाला ऑफिस उघडल्यापासून अकराला अहवाल ठेवेपर्यंत एक तास तुमच्या हातात आहे. ती पाकिटं अध्यक्षांच्या टेबलावर ठेवा. तेवढंच. मग मी तुमचं मानपत्र चष्मा लावून वाचेन, हवं तर दोनदा.

आयोजकांनी मला बोलावलं, तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आभारी आहे. ताई, तुझ्या आजच्या दिवसाला मी गालबोट लावलं. रागव, पण घरी येऊ दे. बोलण्यात माझं काही चुकलं असेल तर सभेने उदार मनाने क्षमा करावी. फक्त ते गोपनीय ठेवू नये.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता अहवाल सभागृहात ठेवण्यात आला. पान एकेचाळीस होतं तसंच होतं. साडेअकराला सचिवालयाचा शिपाई माझ्याकडे विशेषाधिकारभंगाची नोटीस घेऊन आला. खाली भाऊजींची सही होती. सोबत माझी तीन पाकिटं परत पाठवली होती. तिन्हींवर आवक शिक्का होता. एकही फोडलेलं नव्हतं.