अण्णांच्या मुठीतला गूळ

मुलांनो, आपल्याकडे पोळ्या करायला येतात त्या हौसाबाईंनी परवा जे सांगितलं, ते त्यांच्याच बोलण्यात लिहून पाठवते आहे.

माझं माहेर लोणी काळभोर, बाई. लग्न होऊन इकडं आले तेव्हा कोथरूडच्या पुढं आमचं गावच व्हतं, आता सगळं पुणंच झालंय, गाव कुठं संपतं ते मलाबी सांगता यायचं न्हाई. घरात दोन म्हशी, मालक सायकलवर दूध घालायचे, गावातबी आन् नव्या सोसायट्यांतबी, बापू दूधवाले म्हणून सगळे ओळखायचे. सासरे लवकर गेले, म्हणून मालकांना वाढवलं ते थोरल्या भावानं, अण्णांनी. अण्णा बसले असले तर मालक कधी खाटेवर बसले न्हाईत, नातवंडं झाली तरी न्हाई.

तर काय सांगू तुम्हाला, भांडण रस्त्याचं. सोसायट्यांकडं जाणारा एकच बोळ, एका अंगाला त्यांची भिंत, दुसऱ्या अंगाला आमची घरं, आन् मधनं सगळी वाहनं. पालिकेला तो रुंद करायचा. सोसायटीवाले म्हणायचे गावानं मागं सरकावं, गाव म्हणायचं आम्ही आधीचे, तुम्ही सरका. वर्षानुवर्षं हेच. तिथले एक रिटायर मास्तर भिंतीवरनं म्हणायचे, गाडी काढायची तर आधी म्हशीची परवानगी घ्यावी का? आमची पोरं म्हणायची, घ्या की मास्तर, ती तुमच्यापेक्षा लवकर बाजूला होते. मग एक दिवस टँकरनं शाळेच्या रिक्षाला उडवलं, एका पोरीचा पाय गेला. त्यानंतर कुणी हसलं न्हाई.

तेव्हा पालिकेच्या एक मॅडम आल्या, म्हणाल्या, कोर्टकचेरी नको, आधी सगळे एकत्र बसू, दोन्हीकडचे ज्याचं ऐकतात असा मानूस द्या. असा कोण, तर बापू. मालक लागले की मागं. सकाळी दूध घालताना हिकडचं ऐकायचं आन् तिकडं सांगायचं, शिव्या तेवढ्या गाळून. मारुतीच्या देवळापुढं बैठका बसायच्या. सोसायटीनं भिंत मागं घेतली, मास्तरांनी हातानं वाढवलेली बाग दिली, गावानं ओटे दिले. राहिलं वळणावरचं घर, अण्णांचं. तिथं ओट्यावर भागत नव्हतं, चुलीसकट अर्धं घर जात व्हतं, आन् समोरच्या अंगाला विहीर, म्हणून रस्ता तिकडनंबी नेता येईना.

आमच्यात हात वर करून मतं घेत न्हाईत. जमलं की गूळ वाटायचा, आन् तो तिथंच, सगळ्यांसमोर, तोंडात टाकायचा. एकानं जरी न्हाई खाल्ला तरी परत बसायचं, अशी रीत. शेवटच्या बैठकीत मालक परात घेऊन फिरले आन् अण्णांपुढं उभे राहिले, म्हणाले, अण्णा, गाव थांबलंय. अण्णांनी गूळ घेतला. घेतला आन् मूठ झाकली. झाकल्या मुठीनंच उठले, पायात चप्पल घातली आन् घराकडं गेले.

सगळ्यांनी पाहिलं, बाई. मॅडमना आमची रीत काय ठाऊक, त्यांनी विचारलं, झालं ना सगळ्यांचं? कुणी न्हाई म्हणलं न्हाई. परत बसायचं त्राण कुणात व्हतं? मालक म्हणाले, घेतला ना अण्णांनी. टाळ्या वाजल्या.

मशीन आली त्या दिवशी अण्णा भांडले न्हाईत. एकटेच व्हते, जाऊबाई आधीच वारलेल्या. भांडी बाहेर काढली आन् लेकीकडं लोणीला निघाले. ती लेक मीच माझ्या माहेरात, भावाच्या पोराला दिलेली. मालक म्हणाले, अण्णा, आमच्यात राहा, पुढची खोली तुमची. अण्णा म्हणाले, बापू, तू एकटा आला असतास, भाऊ म्हणून मागितलं असतंस, तर मी आख्खं घर दिलं असतं. तू परात घेऊन आलास. सगळ्या गावापुढं तुला न्हाई कसा म्हणणार व्हतो मी?

आता मालक खरवस घेऊन लोणीला जातात, तर अण्णा त्यांना अहो-जाहो करतात. बसा म्हणतात, चहा घ्या म्हणतात. पाव्हण्याला म्हणतात तसं. मलाबी माहेर राहिलं न्हाई त्यामुळं, अण्णा दारात बसलेले असतात, आत कोणत्या तोंडानं जायचं.

रस्ता चांगला झालाय, खोटं कशाला बोलू. बस येते, पोरं नीट शाळेला जातात, मास्तर भेटले की मालकांना हात जोडतात. परवा मॅडमचा फोन आला, दुसऱ्या गावात असंच भांडण हाय म्हणे, बापूंनी यावं. मालक म्हणाले, मॅडम, मी आता दूध घालण्यापुरतंच कुणाचं दार वाजवतो.

आन् रोज सकाळी वळणाशी आले की सायकलवरनं उतरतात, चुलीची जागा चालत ओलांडतात आन् पुढं गेल्यावर परत बसतात. कुणी विचारलं तर सांगतात, चेन पडतीय.

असो. तुमची लेकरं लांब हायेत, बाई, जिथं हायेत तिथं सुखात राहोत. सरका जरा, कणीक घेते मळायला.