तंबूत न झोपलेले पाव्हणे

मिठबावच्या एसटीत चारुताला बसायला जागा मिळाली खरी, पण पुढच्या बाकावर बापलेकीची आधीच जुंपली होती. चारुताने मांडीवरचं वर्तमानपत्र उघडलं आणि कान पुढे लावले.

"अप्पा, कालच्या पाव्हण्यांनी फोनार आपल्या टेंटाबद्दल काय लिवल्यानी, वाचून दाखवू? 'टेंट सुंदर आहे, पण त्यात झोपायला मिळालं नाही.'"

"जेवणाचा काय लिवल्यानी?"

"जेवण बरा म्हणतत. तुमी तेंका तंबूतसून घरात कित्याक हाडलात?"

"दव पडत होता गो. पोरां कुडकुडत होती."

"ती पुण्यासून त्याच्यासाठीच इली होती. दर्याची गाज आयकत भायर झोपाक."

"माजघर रिकामा आसताना पाव्हणे जमनीर? लोक काय म्हणतले?"

"त्याच्या आदल्या जोडप्याकय असाच उठवलात."

"तेंका मी माझी खाट दिलंय."

"खाट नको होती तेंका, अप्पा. आज तीन मास्तरणी येतत. तुमी तंबूकडे जाव नकात."

"बरा. तेंका घरात हाडूचंय नाय."

"देवाची आण?"

"देवाची आण. तंबूच्या दाराकडे खाट टाकतंय आणि मीच थंय झोपतंय. बायलमाणसां बागेत एकटी, ह्या माका बघवाचा नाय."

मुलीने फोन कानाला लावला.

"नमस्कार मॅडम, मिठबावहून दुर्गा बोलतेय. हो, टेंट तयार आहे. मॅडम, तुम्हाला घरातलं माजघर चालेल का?"