काठावरची खूण

धम्मप्रिया : या सगळ्या भाकरी बाजूला काढ, आजी. काठ दबलेत बघ. कंपनीचे साहेब गल्लीत आलेत आणि आपल्या कडक भाकरीचं हे फिनिश!

शालन : दबलं न्हाय गं. आमीच दाबलंय.

धम्मप्रिया : मुद्दाम? नोकरी सोडून ब्रँड उभा करतेय मी, आणि तुम्ही... या, श्रीशैल सर. ही माझी आजी, शालन. शुक्रवार पेठेतल्या सात बायका आमच्या गटात भाकरी करतात.

श्रीशैल : नमस्कार, आजी. तिकडे पुण्यात सगळ्यांना चव आवडली. अडचण एकच, ट्रेसेबिलिटी. त्याशिवाय ऑर्डर देता येत नाही.

शालन : ते काय असतंय?

श्रीशैल : तक्रार आली, तर भाकरी कुणाच्या हातची ते सापडलं पाहिजे. त्याचं मशीन असतं.

धम्मप्रिया : सर, मशीन सहा महिन्यांत घेऊ.

श्रीशैल : मग सहा महिन्यांनी बोलू.

शालन : बसा की, साहेब. मी डोळं मिटते. कुटलीबी भाकर द्या हातात.

श्रीशैल : ही घ्या.

शालन : एक अंगठा. मल्लव्वाची. दुसरी द्या. दोन बोटं, रशीदा. ही तर माजीच.

धम्मप्रिया : आजी! हे कधीपासून?

शालन : तुजा बाप रांगत हुता तवापासनं. लिवता कुणाला येत हुतं? थापताना ओल्या काठावर खूण दाबायची. भाकर मऊ निघाली की जिची तिला न्हेऊन दावायची.

धम्मप्रिया : आणि मी या भाकरी चुऱ्यात टाकायला निघाले होते.

श्रीशैल : वर्षभर पडद्यावर चित्रं दाखवून मी हा शब्द लोकांना शिकवतोय. इथे तो परातीत पडलाय! धम्मप्रिया, ऑर्डर आजच देतो. फॉर्मवर सातही खुणा आणि नावं लिहा. ही नखाची चंद्रकोर कुणाची?

शालन : बाळाबाईची.

श्रीशैल : त्यांना भेटता येईल?

शालन : चार वर्सं झाली तिला जाऊन. सून थापती आता.

श्रीशैल : मग खूण?

शालन : सासूचीच ठिवली पोरीनं. कुणी सांगितलं न्हवतं.

धम्मप्रिया : सर, मग नाव कुणाचं लिहू?

शालन : पेन हिकडं दे. साठीत शिकले, पर येतंय मला. नाव सुनंचं लिवते. म्होरं चंद्रकोर काढते, बाळाबाईची.