ओटीची परात

सकाळी सव्वादहाची वाशिम-मालेगाव एसटी. राखीच्या पुढच्या सीटवर दोन बहिणी होत्या. काल थोरलीच्या मुलीला, सुचिताला, पाहायला पाहुणे आले आणि भज्यांचं तेल पेटलं. धाकटीला सगळं सविस्तर हवं होतं.

“जिजाताई, तवा तू कुठं होती?”

“बैठकीत. पोरीच्या सैपाकाचं कौतुक करून राह्यली होती.”

“अन् आतमंदी जाळ!”

“पोराची माय सैपाकघर पाहाले गेली. जाळ पाहून तिनं पाण्याची बादलीच उचलली.”

“मंग?”

“सुचिता वरडली, ‘पाणी नका टाकू, भडका होईन!’ अन् तिले मांगं ढकललं.”

“होणाऱ्या सासूले?”

“सोयाबीनच्या पोत्यावर बसली ते! मंग पोरीनं गॅस बंद केला, अन् ओटीची परात कढईवर झाकली.”

“साडी-नारळासकट?”

“नाही वं. ते सारं सासूच्या मांडीवर ओतलं.”

“म्हंजे ओटी भरली म्हण!”

धाकटी खिदळली; मागं राखीनं तोंडावर ओढणी धरली.

“हासू नको! सुचिताले पोरगं लय पसंत हाय.”

“अन् आग?”

“विझली. पण थंड होईस्तोवर परात उचलू देल्ली नाही तिनं. पाव्हणे हो-नाही न सांगताच गेले.”

तेवढ्यात जिजाताईंचा फोन वाजला.

“हो... लिवून घ्या...”

“कोण वं?”

“पोराची माय. सुचिताचा नंबर मांगतला.”

“कायले?”

“सांगतलं नाही.”

जिजाताईंनी लगेच मुलीला फोन लावला. गाडी मालेगावच्या स्टँडवर लागली, तरी तो बिझीच येत होता.