आमच्या डोंगरावरचे काजू

(धारूरजवळच्या गावात, अंगणात सीताफळं निवडणं चाललंय. दहावीतली लुबना, तिचे अब्बा रईस आणि अम्मी अनिसा.)

लुबना : अब्बा, आपल्या डोंगरावर काजू कुठे लागतात?

रईस : काय?

लुबना : काजू. माझ्या वर्गातल्या विजयमालाची पैज होती, मी तुम्हाला हे विचारूच शकणार नाही. विचारलं. आता तिचं शाईचं पेन माझं.

अनिसा : काजू लागले असते, तर तुझे अब्बा स्टँडवर सीताफळं विकत बसले असते का?

रईस : ते डोळे उघडलेलं फळ आजच्या पाटीत टाक. काजू कावून आठवले?

लुबना : आपल्या गावाच्या जैवविविधता नोंदवहीत आहेत. काजू, कोकम, नारळ. पान नऊवर समुद्रातला खेकडापण आहे.

अनिसा : खेकडा? हितं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं.

रईस : कसली वही?

लुबना : गावात कोणतं झाड, कोणतं जनावर, ते लिहून ठेवायचं. कायदाच आहे तसा. लॉ कॉलेजच्या त्या मॅडम शाळेत आल्यात ना, हा कायदा गावात खरंच चालतो का ते तपासायला? त्यांनी आम्हा तिघींना वही देऊन डोंगरावर पाठवलं. दोन रविवार चढलो. वहीत एकसष्ट नावं, जुळली चार. त्यातला एक कावळा.

रईस : चुकून दुसऱ्या गावाची आली असंल.

लुबना : कोकणातल्या गावाची उतरवलीय. वही लिहायचं काम घेतलेल्या ठेकेदारानं वर फक्त आपल्या गावाचं नाव घातलं. मोर नाही, तरस नाही. सीताफळ नाही.

अनिसा : सीताफळ न्हाई?

लुबना : एकदाही नाही. आणि खडी क्रशरवाल्यांनी डोंगर फोडायच्या अर्जाला हीच वही जोडलीय. डोंगरावर जपण्यासारखं काही नाही म्हणून. दिवाळीनंतर फोडायला घेणार.

रईस : ठाऊक हाय.

लुबना : मग मघाशी 'कसली वही' कावून म्हणालात?

रईस : तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. सोमवारी गेलतो तहसीलला, हरकत घ्यायला.

अनिसा : आन् मला सांगितलं क्रेट आणायला चाललो. रिकाम्या हातानं आलते, तवाच कळलं मला.

रईस : पाटीभर सीताफळं नेलती, पुरावा म्हणून. साहेब म्हणले, फळं काय, कुणीबी बाजारातून आणील. कागद दाखव. मग त्यांनीच वही काढली. शेवटचं पान दाखवलं.

लुबना : गावाच्या जैवविविधता समितीच्या सह्या.

रईस : तू बघितल्या?

लुबना : तिघींनी बघितल्या. सात सह्या. तिसरी तुमची. पैज त्याचीच होती, अब्बा.

रईस : नळाचा अर्ज घेऊन गेलतो ग्रामपंचायतीत. समितीला एक माणूस कमी पडतोय म्हणले. चहा पाजला. केली सही.

अनिसा : फळ घेताना चारदा उलटंपालटं करता. कागद एकदा तरी करायचा.

रईस : कागद दाबून कळत न्हाई, अनिसा.

लुबना : मॅडम म्हणाल्या, समितीतल्या चौघांनी लिहून दिलं तर वही सुधारायला घेता येईल.

रईस : चौघं कुठून आणू? एक वारला. एक पुण्याला गेला. तिघांचे टिपर लागणार हाईत क्रशरवर. राहिलो मी आन् विमलबाई. तिला ती समितीत हाय हेच माहीत न्हाई.

अनिसा : तीच तर रोज पहाटं डोंगरावरनं फळं तोडून आणती तुमाला. मग ह्या मॅडम काय करणार?

लुबना : अहवाल लिहिणार. वही ग्रामसभेत मोठ्यानं वाचल्याशिवाय कुणाची सही घेऊ नये, असा नियम सुचवणार. पुढे काही झालंच, तर दोन-तीन वर्षं लागतील.

रईस : तवर डोंगर थांबतोय व्हय.

लुबना : मी पण तेच विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही तिघींनी काय बघितलं ते लिहून द्या, अहवालाला जोडते.

रईस : तुझ्या कागदात माझं काय लिवलंस?

लुबना : अजून काहीच नाही. 'समितीचे एक सदस्य' एवढं लिहिलं तरी चालेल म्हणाल्या.

अनिसा : तसंच लिही. स्टँडवर माणसं हसतील ह्यांना.

लुबना : अम्मी, अब्बा, मी ठरवलंय. पूर्ण नाव लिहिणार. रईस बागवान, वीस वर्षं ह्याच डोंगराची सीताफळं विकतात. त्यांच्याकडून सही घेतली. डोंगरावर काय लागतं, ते त्यांना कुणीच विचारलं नाही.